डोंगरधाव आणि डोंगराची भाषा : मेळघाटाच्या संदर्भात काही विचार

१. विषयप्रवेश

डोंगरावर धावत जाण्याचा छंद महाराष्ट्रात आता नवा राहिलेला नाही. साताऱ्यास यवतेश्वराच्या घाटातून धावण्याची वार्षिक स्पर्धा २०१२ पासून भरते. सह्याद्रीतील किल्ले एका दमात जोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या शर्यतीही होऊ लागल्या आहेत. वऱ्हाडात ह्या छंदाचे स्वाभाविक क्षेत्र म्हणजे सातपुड्याची गाविलगड-रांग. अमरावती, अकोला, अकोट, परतवाडा येथील तरुण पहाटे उठून चिखलदऱ्याचा घाट धावत चढतात, आणि परतल्यावर 'निसर्गाशी नाते जोडले' असे सांगतात. ह्या छंदाला प्रस्तुत लेखात 'डोंगरधाव' असे म्हटले आहे.

'नाते जोडणे' ह्या शब्दप्रयोगाकडे भाषेच्या अभ्यासकाने गंभीरपणे पाहावयास हवे. नाते हे केवळ मनाच्या वृत्तीचे नाव नव्हे. मावशी, आत्या, काकू ह्यांना आपण वेगवेगळ्या नावांनी ओळखतो, म्हणून त्यांच्याशी असलेली नातीही वेगवेगळी राहतात. ज्याला नावच नाही, त्याच्याशी ओळख होईल, नाते होणार नाही. मग डोंगराशी नाते जोडावयाचे तर कोणत्या शब्दांनी? आणि ते शब्द आज कोणाजवळ आहेत?

हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला एका लहानशा प्रसंगातून पडला. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात चार विद्यार्थ्यांसह आम्ही घाटरस्त्याने वर गेलो. लेखकाचे वय चाळिशी ओलांडलेले असल्यामुळे अर्ध्याहून अधिक अंतर चालतच गेलो, हे कबूल केले पाहिजे. वर पोहोचल्यावर विद्यार्थ्यांना वहीत एवढेच लिहावयास सांगितले की, वाटेत आपण काय काय ओलांडले. चारही वह्यांत मिळून 'चढ', 'वळण', 'दरी', 'नाला', 'झाडी' एवढे पाच शब्द आले. त्याच वाटेने डोक्यावर मोळी घेऊन वर आलेला एक कोरकू गृहस्थ शेजारी टेकला होता. त्याला हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्याने बोटांवर मोजत एकामागून एक नावे सांगितली. ती प्रत्येक ओहोळाची, प्रत्येक सपाटीची आणि काही एकेकट्या झाडांचीही होती. आम्ही पाच शब्दांचा डोंगर चढून आलो होतो, आणि तो त्याहून कितीतरी मोठा.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे : डोंगराशी नाते पाहण्याने जुळत नाही, ते पायांनी आणि शब्दांनी जुळते. मराठीतील डोंगरविषयक जुनी शब्दसंपत्ती ही मुळात चालणाऱ्याची आणि धावणाऱ्याची आहे. मेळघाटातील अशा शब्दांचा मोठा भाग कोरकू भाषेत आहे, आणि तो आज निसटत आहे.

२. धावणे आणि पळणे

प्रथम क्रियापदांचा विचार करू. संस्कृत 'धावति' पासून आलेले 'धावणे' आणि 'पलायते' पासून आलेले 'पळणे' अशी दोन क्रियापदे मराठीत शेजारी शेजारी नांदतात. व्यवहारात ती पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात. मात्र त्यांच्यापासून झालेले शब्द तपासले म्हणजे मूळचा भेद अजून शिल्लक असल्याचे दिसून येते. धावणारा कशाकडे तरी जातो : हाकेला धावून येणे, धाव घेणे, धावा करणे. पळणारा कशापासून तरी दूर जातो : पळ काढणे, पळवाट, पळपुटा. 'धावपटू' हा शब्द गौरवाचा आहे. 'पळपटू' असा शब्द कोणी घडविला नाही, आणि घडविला असता तर तो थट्टेचा ठरला असता. 'धावाधाव' आणि 'पळापळ' ह्यांतील फरक कोणत्याही मराठी मुलाला शिकवावा लागत नाही.

वऱ्हाडी बोलीत हे चित्र थोडे बदलते. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील 'ळ' च्या जागी 'य' येतो : डोळा-डोया, काळा-काया, फळ-फय. त्याच नियमाने 'पळणे' चे 'पयणे' होते, आणि रोजच्या बोलण्यात धावण्यासाठी हेच क्रियापद सर्रास वापरतात. 'पोरगं पयून राह्यलं' म्हणजे मूल धावत आहे. त्यात भीतीची छटा असेलच असे नाही. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात वऱ्हाडीची नोंद आहे. तरी अशा अर्थच्छटा सर्वेक्षणाच्या चाळणीतून निसटतात. त्या गोळा करण्याचे काम स्थानिक अभ्यासकांचेच आहे.

धावणे हा ज्यांचा व्यवसाय होता, त्यांची नावेही पाहण्याजोगी आहेत. मराठेशाहीत पत्रे पोहोचविणारा 'जासूद' आणि 'काशीद', मोगली परंपरेतून आलेला 'हरकारा', व पुढे इंग्रजी अमलात 'डाकवाला'. 'काशीद' हा अरबी 'कासिद' म्हणजे निरोप्या, तर 'हरकारा' म्हणजे शब्दशः हर काम करणारा. 'डाक' ह्या शब्दाचा मूळ रोख पत्रावर नसून टप्प्याटप्प्याने माणसे वा घोडी बदलण्याच्या व्यवस्थेवर आहे. डोंगराळ मुलखात डाकवाल्याच्या हाती घुंगरू लावलेला भाला असे, तो वाटेतील जनावरांना सावध करण्यासाठी. आज छंद म्हणून जे केले जाते, ते शे-दीडशे वर्षांपूर्वी ह्याच देशात पोटासाठी, रात्रीच्या वेळी आणि खांद्यावर ओझे घेऊन केले जात होते, ह्याचे भान डोंगरधाव करणाऱ्याने ठेवावे.

अमरावतीला व्यायामाची परंपरा कमी नाही. १९१४ मध्ये येथे स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. मात्र ही परंपरा आखाड्याची आणि मैदानाची आहे. मल्लखांब, कुस्ती, दंड-बैठका ह्यांची परिभाषा तिने जपली. डोंगरावर धावण्याची परिभाषा तिच्यात नाही, कारण डोंगर हे व्यायामाचे स्थान मानलेच जात नव्हते. ती परिभाषा शोधावयाची तर डोंगर ओलांडणाऱ्यांच्या भाषेकडे वळले पाहिजे.

३. 'घाट' हा डोंगर नव्हे

ह्या भाषेतील मध्यवर्ती शब्द 'घाट' हा होय. संस्कृत 'घट्ट' पासून आलेल्या ह्या शब्दाचे मराठीत दोन मुख्य अर्थ आहेत : नदीकाठचा पायऱ्यांचा उतार, आणि डोंगर ओलांडण्याची वाट. दोहोंत समान गोष्ट एकच, ती म्हणजे उंच-सखल जागांमधील पावलांची ये-जा. घाट म्हणजे डोंगर नव्हे, डोंगरातून जाणे. युरोपीय प्रवाशांनी वाटेचे नाव संपूर्ण रांगेला दिले, आणि 'पश्चिम घाट' हा शब्द नकाशावर रूढ झाला. हा गैरसमज फलदायी ठरला असला, तरी त्यात एक बदल घडून आला : जो शब्द चालणाऱ्याचा होता, तो दुरून पाहणाऱ्याचा झाला.

वऱ्हाडची तर प्राचीन विभागणीच ह्या शब्दावर उभी आहे. पूर्णेच्या खोऱ्याची सखल काळी पट्टी म्हणजे 'पायानघाट', दक्षिणेकडील अजिंठा-रांगेच्या वरचा मुलूख म्हणजे 'बालाघाट', आणि उत्तरेकडील सातपुड्याचा भाग म्हणजे 'मेळघाट'. पहिल्या दोन नावांत फारसीतील 'पायीन' म्हणजे खाली आणि 'बाला' म्हणजे वर हे शब्द आहेत. तिसऱ्याचा अर्थ परंपरेने 'घाटांचा मेळ' असा लावला जातो. एका प्रांताचे तीन भाग, आणि तिन्हींची नावे चढणाऱ्या-उतरणाऱ्याच्या दृष्टीने दिलेली! बुलढाणा जिल्ह्यात आजही 'घाटावरचे तालुके' आणि 'घाटाखालचे तालुके' असाच भेद रोजच्या बोलण्यात होतो. मेहकर, लोणार घाटावर, तर खामगाव, शेगाव घाटाखाली. तेथील माणसाला ह्यासाठी नकाशा लागत नाही.

अशी रचना जगातील अन्य भाषांतही आढळते. मेक्सिकोतील तेनेहापा येथील माया वंशाच्या लोकांची त्सेल्ताल भाषा ह्या दृष्टीने प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन ह्यांनी दाखवून दिले की, तेथील प्रदेशाचा उतार दक्षिणेकडून उत्तरेकडे असल्यामुळे 'चढाकडे' म्हणजे दक्षिण आणि 'उताराकडे' म्हणजे उत्तर असा अर्थ स्थिर झाला आहे. सपाट मेजावरील दोन वस्तूंपैकी कोणती कोणीकडे आहे हेही तेथे 'चढाकडची', 'उताराकडची' असे सांगतात. पूर्व नेपाळमधील काही किराती भाषांत तर वर, खाली आणि आडवे हा भेद व्याकरणाच्या प्रत्ययांतच शिरला आहे. मराठी इतकी पुढे गेलेली नाही. तरी 'कोकणात उतरणे', 'देशावर जाणे', 'घाटावरचा', 'घाटाखालचा' हे प्रयोग त्याच जातीचे आहेत. डोंगर येथे वर्णनाचा विषय नसून दिशा सांगण्याचे साधन आहे.

४. चढाचे गणित

शब्दांचा शरीराशी असलेला संबंध स्पष्ट करण्यासाठी थोडे शरीरशास्त्र उपयोगी पडेल. इटलीतील संशोधक मिनेट्टी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावताना किती ऊर्जा लागते ह्याचे मोजमाप केले. सपाटीवर ती एका किलोग्रॅम वजनामागे दर मीटरला सुमारे ३.४ जूल इतकी पडते. शंभरास वीस ह्या प्रमाणातील उतारावर ती सर्वांत कमी, म्हणजे सुमारे १.७ जूल इतकी होते. शंभरास पंचेचाळीस एवढ्या उभ्या चढावर ती सुमारे १९ जूलवर जाते. महत्त्वाची गोष्ट अशी की, ठरावीक उंची गाठावयाची असेल तर सर्वांत काटकसरीचा चढ शंभरास पंचविसाच्या आसपास असतो. त्याहून उभ्या चढावर सरळ जाण्यापेक्षा वळणे घेत जाणे शरीराला परवडते. नागमोडी वाट ही लहर नव्हे. शतकानुशतके हजारो पायांनी केलेला तो हिशेब आहे.

हा हिशेब मेळघाटाला लावून पाहू. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंचीवर आहे, आणि त्याजवळील वैराट हे स्थान ११७८ मीटरवर. डोंगराच्या पायथ्यापासून वर जाण्यास ढोबळमानाने सातशे मीटर चढावे लागते असे धरू. मोटारीच्या घाटरस्त्याचा चढ सर्वसाधारणपणे शंभरास पाच-सहा असतो. त्या मानाने सातशे मीटरसाठी किमान बारा किलोमीटर रस्ता लागेल. शंभरास पंचवीस चढाच्या पाऊलवाटेने हेच अंतर तीन किलोमीटरच्या आत बसेल. मिनेट्टींच्या आकड्यांवरून ढोबळ हिशेब केला, तर पाऊलवाटेने धावत चढणाऱ्याची ऊर्जा मोटाररस्त्याने धावत चढणाऱ्याच्या जवळजवळ निम्मी खर्च होते. मोळीवाल्याची वाट आणि मोटारीची वाट वेगळी का, ह्याचे उत्तर एवढे साधे आहे. एक वाट फुप्फुसांनी आखली, दुसरी इंजिनाने.

डोंगराच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, हेही येथे सांगितले पाहिजे. गाविलगड-रांगेची दक्षिण कड एका मोठ्या भूभ्रंशाला धरून उभी असल्यामुळे पूर्णेच्या मैदानातून पाहिले असता भिंतीसारखी दिसते. उत्तरेकडे मात्र पठार टप्प्याटप्प्याने तापीकडे उतरत जाते. १८०३ च्या युद्धात हा भेद निर्णायक ठरला. आज अकोला जिल्ह्यात असलेल्या अडगाव येथील लढाईनंतर, जी २९ नोव्हेंबरला झाली, आर्थर वेलस्लीने गाविलगडाकडे मोर्चा वळविला. दक्षिणेची चढण तोफांना अशक्य होती. म्हणून ७ ते १२ डिसेंबर ह्या काळात स्टीव्हन्सनच्या तुकडीने धामणगावावरून सुमारे तीस मैलांचा डोंगराळ वळसा घेऊन, स्वतः रस्ता फोडीत आणि तोफा हातांनी ओढीत, गडाची उत्तर बाजू गाठली. १५ डिसेंबरला गड पडला. पायी माणसाला जी वाट तासांची होती, ती तोफेला दिवसांची झाली.

वाट अंतराने नव्हे तर वेळेने आणि श्वासाने मोजण्याची रीत आपल्या भाषेत खोलवर आहे. 'कोस' हे माप 'क्रोश' पासून आले, आणि क्रोश म्हणजे हाक : जेथवर हाक पोहोचते तेथवरचे अंतर. 'दम' हा फारसी शब्द श्वासाचा. दम लागणे, दम घेणे, दम धरणे, दम सुटणे ह्या साऱ्या चढणीच्या अवस्था होत. त्यांपैकी 'दम धरणे' हा प्रयोग पुढे सर्व प्रकारच्या धीरासाठी रूढ झाला. उभ्या चढाला आपण 'छातीवरचा चढ' म्हणतो. तो अंशांत सांगता येत नाही, पण ज्याने चढला त्याला तो तत्काळ कळतो. घाटात भेटलेल्या एका गुराख्याला वाट किती उरली असे विचारले, तेव्हा त्याने उत्तर दिले, "वर जाले दोन तास लागते, खाली याले एकच." शहरी कानाला हे अंतर सांगणे टाळल्यासारखे वाटेल. वस्तुतः दोन्ही दिशांचे वेगळे अंतर सांगणारे ते अधिक काटेकोर उत्तर आहे.

उताराविषयी एक इशारा आवश्यक आहे. उतरताना ऊर्जा कमी लागते म्हणून उतरणे सोपे, असा समज होतो. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला आवर घालतात. ह्या प्रकारच्या श्रमाने स्नायूंत सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात. दम चढताना जातो, पाय उतरताना जातात.

५. रान आणि जंगल

डोंगरधाव करणारे तरुण 'जंगली निसर्ग' असा शब्दप्रयोग करतात. त्यामागील कल्पना अशी दिसते की, माणसाची वस्ती संपते तेथे निसर्ग सुरू होतो. आपल्या शब्दांचा इतिहास ह्या कल्पनेला दुजोरा देत नाही.

'रान' हा शब्द संस्कृत 'अरण्य' पासून प्राकृत 'रण्ण' द्वारे आला. मराठी शेतकरी 'रानात जातो' म्हणतो, तेव्हा तो शेतात जात असतो. 'रान नांगरले' असेही आपण म्हणतो. म्हणजे एकच शब्द अरण्यालाही लागतो आणि कसलेल्या जमिनीलाही. गावाच्या शिवेपासून दाट झाडीपर्यंत हे एकच सलग क्षेत्र आहे. पांदण, धुरा, माळ, बरड, टेकडी अशा पायऱ्यांनी माणूस त्यात शिरतो. कोठे तरी रेषा ओढून अलीकडे संस्कृती आणि पलीकडे निसर्ग असा भेद ह्या शब्दाला ठाऊक नाही.

'जंगल' ह्या शब्दाची कथा अधिक विलक्षण आहे. संस्कृत 'जाङ्गल' म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, मोकळा प्रदेश. आयुर्वेदात 'आनूप' म्हणजे पाणथळ प्रदेशाच्या उलट 'जाङ्गल' असा विभाग आहे. हा शब्द पुढे पडीक जमिनीला, मग झुडपांना, आणि शेवटी घनदाट अरण्याला लागू झाला. म्हणजे त्याचा अर्थ जवळजवळ उलटला. इंग्रजीने तो येथून उचलला आणि दुर्गम, भयप्रद अशा छटांसह आपल्याला परत केला. आज आपण 'जंगली' म्हणतो तेव्हा ह्या परत आलेल्या छटाच पुष्कळदा बोलत असतात.

ह्याचा अर्थ मेळघाटात वन्य असे काही नाही असा नव्हे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र-प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ संरक्षित क्षेत्रांत मेळघाटाची निवड झाली. तेथे वाघ आहे, अस्वल आहे. गाभा-क्षेत्रात पायी हिंडण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यही आहे. डोंगरधाव करणाऱ्याने सार्वजनिक घाटरस्ता सोडून आत शिरू नये, पहाटेच्या अंधारात एकट्याने जाऊ नये, हे नियम भीतीपोटी नव्हे तर शेजारधर्म म्हणून पाळावयाचे आहेत. जेथे घुंगरांचा भाला घेऊन डाकवाला धावत असे, तेथे आपण कानांत गाणी अडकवून धावणे हा शहाणपणा नव्हे.

६. नावे कोणाची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेळघाटातील बहुसंख्य लोकांची कोरकू ही भाषा ऑस्ट्रो-आशियाई कुळातील मुंडा शाखेची आहे. संथाळी आणि मुंडारी ह्या तिच्या भगिनी दूर पूर्वेस, छोटा नागपूरकडे आहेत. कोरकू ही ह्या शाखेची सर्वांत पश्चिमेकडील भाषा होय. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणजे 'कोरकू' ह्याचा अर्थ 'माणसे'. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून हिचे सुमारे सव्वासात लाख भाषक आहेत. ह्याच रांगेच्या पश्चिमेस, बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव-जामोदच्या परिसरात, निहाली ही भाषा बोलली जाते. तिचा कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी संबंध सिद्ध झालेला नाही. कायपर ह्या डच पंडिताने १९६२ मध्ये तिचा तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. सपाटीवर एक भाषा दूरवर पसरते, डोंगरात जुन्या भाषा टिकून राहतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्याचे उदाहरण आपल्या उंबरठ्यावर आहे.

मेळघाटातील नावांत हे थर एकमेकांवर बसलेले दिसतात. 'सेमाडोह', 'चौराकुंड' ह्यांची उत्तरपदे 'डोह' आणि 'कुंड', म्हणजे उन्हाळ्यातही पाणी राहणाऱ्या जागा. 'गाविलगड' हे नाव गवळ्यांशी जोडले जाते. 'चिखलदरा' हे कीचकाच्या कथेशी जोडले जाते : भीमाने कीचकाला मारून दरीत टाकले, म्हणून कीचकदरा. वैराट म्हणजे विराटनगर, असेही सांगतात. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने 'चिखल' आणि 'दरा' ही फोड अधिक सरळ आहे, आणि ज्याने आषाढात ती वाट तुडविली त्याला तीविषयी शंका राहणार नाही. तरी लोकव्युत्पत्तीला हसण्याचे कारण नाही. लोकांनी डोंगराला आपल्या कथेत घेतले, एवढे ती निश्चित सांगते.

तापीला मिळणाऱ्या खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार ह्या मेळघाटच्या नद्या. त्यांपैकी 'सिपना' हे नाव कोरकू असून त्याचा अर्थ साग असा सांगितला जातो. सागवनातून वाहणारी ती सिपना. अमरावतीत हे नाव हजारोंच्या तोंडी आहे. त्याचा अर्थ किती जणांना ठाऊक आहे? आपण एक शब्द रोज उच्चारतो, आणि तो शब्द आहे हेही विसरतो.

नावे माणसांबरोबर राहतात, आणि माणसे हलली की ती अधांतरी होतात. व्याघ्र-प्रकल्पाच्या गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड इत्यादी गावांचे गेल्या पंचवीस वर्षांत पायथ्याकडे पुनर्वसन झाले. पुढे वैराट, चुर्णी आणि अन्य गावेही उठली. ह्या धोरणाच्या बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलता येईल. वाघाला मोकळी जागा हवी, आणि शाळा, दवाखाना, रस्ता ह्यांची ओढ गावकऱ्यांनाही असते. दुसऱ्या बाजूस, जानेवारी २०१९ मध्ये पुनर्वसित कुटुंबांपैकी काही आपल्या जुन्या जागी परत गेली आणि तेथे वनकर्मचाऱ्यांशी चकमक झाली, हेही विसरता येत नाही. ह्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार भाषाशास्त्राला नाही. मात्र एक नुकसान असे आहे की जे कोणत्याही बाजूच्या हिशेबात येत नाही. जुन्या गावाभोवतीच्या ओहोळांची, सपाट्यांची, झाडांची आणि वाटांची नावे नव्या वसाहतीत वापरावयास जागा नसते. वापरणाऱ्या पिढीबरोबर ती जातात. घर बांधून देता येते, जमीन मोजून देता येते. वाटेची नावे मोबदल्याच्या कोणत्याही तक्त्यात नसतात.

ह्या संदर्भात उत्तर इंग्लंडमधील कंब्रियाचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे डोंगरधाव हा जुना लोकखेळ असून त्याची परंपरा मेंढपाळ आणि डोंगरवाटाडे ह्यांच्यातून आली आहे. १९३२ मध्ये बॉब ग्रॅहॅम ह्याने चोवीस तासांच्या आत बेचाळीस शिखरे धावून पुरी केली, आणि तो फेरा आजही धावणाऱ्यांचे ध्येय आहे. तेथे डोंगराला 'फेल', ओढ्याला 'बेक', डोंगरातील तळ्याला 'टार्न' म्हणतात. हे शब्द हजार वर्षांपूर्वी आलेल्या नॉर्स वसाहतकारांचे आहेत. त्यांची भाषा तेथून केव्हाच लोपली. शब्द मात्र मेंढपाळांनी वापरात ठेवले, आणि पुढे धावणाऱ्यांनी उचलले. बेचाळीस शिखरांचा फेरा करणाऱ्याला ती नावे पाठ करावीच लागतात. भाषा गेल्यावरही वापर चालू राहिला म्हणून नावे टिकली. आपल्याकडे भाषा जिवंत आहे, आणि नावे जाऊ लागली आहेत.

७. समारोप

हे काम आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. ह्या पंथाच्या 'स्थानपोथी' ह्या ग्रंथात चक्रधरस्वामी जेथे जेथे राहिले, बसले, थांबले, त्या जागांची दिशांसह नोंद आहे. कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूस कोणते देऊळ, हे पुढच्या पिढीच्या पायांना सापडावे, ह्या श्रद्धेने ती केलेली आहे. पायी भ्रमण आणि नावांची जपणूक ह्यांची सांगड मराठी गद्याच्या आरंभकाळीच घातली गेली होती.

म्हणून पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवाविशी वाटते. आपल्यापैकी जे चिखलदऱ्याचा घाट, नरनाळ्याची चढण, किंवा घराजवळची पोहऱ्याची टेकडी चढतात, त्यांनी वेळ मोजण्याच्या घड्याळाबरोबर एक लहान वहीही बाळगावी. वाटेत भेटणाऱ्याला, त्याला सवड असेल तर, एवढेच विचारावे : ह्या ओहोळाला काय म्हणता? ह्या चढाला? ह्या झाडाला? उत्तर देवनागरीत जसे ऐकू येईल तसे लिहावे, उच्चाराचा संशय असेल तर दुसऱ्याकडून पडताळावे, सांगणाऱ्याचे गाव आणि भाषा नोंदवावी, आणि अर्थ आपल्या पदरचा घालू नये. पायथ्याच्या नव्या वसाहतींतील वृद्धांकडे जाऊन जुन्या गावाच्या वाटा त्यांच्याकडून आठवणीने वदवून घ्याव्यात. ज्या वाटेने आता कोणी जाणार नाही, तिचीही नोंद करावी. कोरकू बोलणारे विद्यार्थी आता महाविद्यालयांत येऊ लागले आहेत. ह्या कामात त्यांनी माहिती देणारे नव्हे, तर संशोधक म्हणून पुढे असावे.

प्रारंभी उल्लेखिलेल्या चार विद्यार्थ्यांपैकी दोघे पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच घाटाने गेले. परतल्यावर त्यांच्या वहीत एकोणीस नावे होती. त्यांपैकी सात नावांचे अर्थ अद्याप लागलेले नाहीत. त्यांचा चढ्या वाटेवरील वेळ मात्र आदल्या वर्षापेक्षा पुष्कळच वाढला होता, कारण ते जागोजागी थांबत होते. डोंगरधावेच्या दृष्टीने ही अधोगती म्हणावी लागेल. विभागाच्या दृष्टीने ती प्रगती आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.